साडेब्याण्णव टंच

पुंडलिक दुसाने तागडीत काटे टाकतो
मेथीच्या जुड्या टाकाव्यात तसे,
आणि म्हणतो, ताई, ही बट्ट्याची चांदी.
साडेब्याण्णव टंच, बाकी तांबं.
नाशकात कोण घेतं?
इथे देवाच्या ताम्हनाला चालेल तीच चांदी.

मी घेते.
बट्टा मला चालतो.

नोटांच्या छापखान्यात एकतीस वर्षं
मी फक्त चुका शोधल्या.
सरकलेला आकडा, फिकी शाई,
कागदात अडकलेला एखादा केस.
निवृत्तीला शाल दिली, नारळ दिला,
डोळे परत घ्यायचे राहिले त्यांच्याकडून.
ते आता शालिमारला बसमधून
माझ्याआधी उतरतात
आणि सराफ बाजारात मोडीच्या परातीत शिरतात:
तुटकी पैंजणं, वाकडे वाळे,
मेलेल्या माणसांची निरांजनं,
आणि तळाशी, सहा महिन्यांतून एकदा,
दांडीच्या मागे मुंगीएवढा
सिंह, नांगर, जुन्या वळणाचं एक अक्षर.
अमेरिकेचा शिक्का.

पहिली पेटी देवळाली कॅम्पातून आली,
लॅम रोडवरचा खोरशेदबाईंचा बंगला विकला तेव्हा.
मामा बोस्टनला शिकले, त्यांनी आणली.
दांड्यांवर तीन अक्षरं, इ. एम. एच.,
त्यांच्या घराण्यात कुणाचीच नाहीत.
मामा सांगायचे, पत्त्यांत जिंकलो.
मामी सांगायची नाही काहीच.

कालवांचा काटा. सार्डिनचा. लोणच्याचा.
आइस्क्रीमचा तर अर्धा काटा अर्धा चमचा,
धड कशातच नाही.
प्रत्येक घासाला वेगळं हत्यार लागणारी माणसं
भुकेली असतील का कधी?
वहिनी भाऊबीजेला म्हणाली,
एवढे काटे, आणि आपण जेवतो हाताने!
म्हटलं, तुझ्याकडे एकशेदहा साड्या,
अंग एकच की.

स्ट्रॉबेरीचे काटे मात्र अकराच.
बारावा मी नऊ वर्षं शोधला.
दुसाने एकदा चहा पिता पिता म्हणाला,
तीन दात्यांचा, बारीक? आला होता की.
दिवाळीच्या गर्दीत मुशीत गेला.
शुद्ध करून टाक केले त्याचे.
कुणाच्या घरी गेले?
आता काय सांगू. सिन्नर, ओझर, निफाड...
खंडोबा झाला असेल. नाहीतर म्हाळसा.
मी रागावले नाही.
अक्षरांचं काय झालं, एवढंच विचारलं.
अक्षरं आधी जातात, ताई, तो म्हणाला,
मग दाते.

आणि परवा हा चमचा.
संचातला नाही, एकटाच आलेला.
कुणीतरी मधोमध सुलाखलेला, चांदी खरी का बघायला.
जुन्या चमच्यांची टोकं डावीकडे झिजतात,
पिढ्यान्‌पिढ्या उजव्या हाताने
वाटी खरवडली की.
हा उजवीकडे झिजलाय.
भिंग लावलं. दुकानाच्या दाराशी, उन्हात नेला.
पुन्हा भिंग.
कुणीतरी डावरं होतं त्या घरात,
आणि त्याला कुणी अडवलं नव्हतं.

चौथीपर्यंत माझं डावं मनगट
आत्या जेवताना पाटाला बांधायची,
परकराच्या नाडीने.
घट्ट नाही. आठवण राहावी एवढंच.
छापखान्यात मी डाव्यानेच कागद उलटायचे.
तिथे सगळे नोटांकडे बघत,
हाताकडे कुणी बघत नसे.

जेल रोडला घरी आले. दूधपोहे केले.
दार लावून घेतलं, कशाला कोण जाणे.
चमचा वाटीच्या तळाशी गेला
आणि त्याची झिजलेली कड
तळाच्या गोलाईला अशी लागली
की मी दोनदा साखर संपवली.

सकाळी दुसान्याला फोन केला.
म्हटलं, बारावा राहू दे आता.
डावरं काही आलं तर कळव.
तो हसला. चांदीला कसलं डावं-उजवं, ताई?
म्हटलं, तू वजन कर.